विंचू, प्रोस्टेट आणि एक गोळी: महाडच्या डॉक्टरांनी न लाजता लिहिलेलं लक्षण

हा आपल्या नव्या एपिसोडचा लिखित भाग. ऐकायला वेळ नसेल, किंवा घरात सगळ्यांसमोर स्पीकरवर लावायला ऑकवर्ड वाटत असेल (आज वाटणारच आहे), तर निवांत वाचा. आजचा विषय आहे पुरुषांची लघवी अडकणं आणि इच्छा कमी होणं. इतिहासाच्या पॉडकास्टवर हा विषय कसा काय, असं वाटेल. पण यात खरंच इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा आपल्या रायगड जिल्ह्यात घडलाय.

सुरुवात माझ्या घरातून करतो.

आमचं घर रेवदंड्याकडे, वाडीत. नारळ, पोफळी, मागे विहीर. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, सणासुदीला घरी जातो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी घरीच होतो. आजोबांना सर्दी झालेली. त्यांनी दुकानातून आणलेली सर्दीची गोळी घेतली आणि झोपले. रात्री दीडच्या सुमाराला बाबांनी मला उठवलं. आजोबा पडवीत वाकून उभे होते, दोन्ही हात पोटावर, घामाने बनियन भिजलेलं. संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती. पोटाखाली हात लावला तर टणक फुगा.

गाडी काढली, अलिबागला नेलं. डॉक्टरांनी नळी घातली आणि पिशवीत जवळजवळ एक लिटर लघवी आली. आजोबांचा चेहरा पाच मिनिटांत बदलला. मग डॉक्टरांनी विचारलं, "काका, आधी काही त्रास होता का?" आजोबा गप्प. आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. शेवटी म्हणाले, "दोन-तीन वर्षं होतं थोडं. धार बारीक झाली होती. रात्री चार वेळा उठायला लागायचं. वय झालं म्हणून बोललो नाही."

दोन-तीन वर्षं! आमच्या घरात कुणाच्या गुडघ्याचं दुखणं असेल तर अख्ख्या आळीला माहिती असतं. पण या माणसाने तीन वर्षं रोज रात्री चार वेळा उठून, अंधारात उभं राहून, एक अक्षर काढलं नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रोस्टेट वाढलंय. दोन, अडकायला निमित्त झालं ते सर्दीच्या गोळीचं. मग एक गोळी लिहून दिली, टॅम्सुलोसिन. परतीच्या वाटेवर मी सवयीप्रमाणे फोनवर शोधायला लागलो. सर्दीच्या गोळीने लघवी कशी काय अडकेल? आणि या नव्या गोळीने कशी सुटेल? एका पानावरून दुसऱ्यावर जाता जाता टॅम्सुलोसिनच्या जुन्या भावंडाचं नाव दिसलं, प्राझोसिन. त्याखाली एक ओळ होती की हे औषध विंचूदंशावरही वापरतात, आणि ते काम भारतात, महाडला झालं.

महाड! आमच्याच जिल्ह्यातलं महाड. आजोबांची लघवी आणि महाडचा विंचू यांचा काय संबंध? आजचा एपिसोड हा त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

बिरवाडीचा सरकारी दवाखाना

१९७६ साल. तेव्हा रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून आलं. महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले, डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातले, नागपुरात एमबीबीएस केलेले. त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे.

कोकणातली घरं तुम्हाला माहिती आहेत. जांभ्याच्या भिंती, कौलं, मागच्या बाजूला लाकडांचा ढीग, गवताच्या भाऱ्या. या सगळ्या लाल विंचवाच्या आवडत्या जागा. हा विंचू दिसायला लहान, पण भारतातल्या सगळ्यात घातक विंचवांपैकी एक. लोक आधी मांत्रिकाकडे जायचे, मग दवाखान्यात. आणि दवाखान्यात तरी काय होतं? ठोस उपाय नव्हता. धडधाकट माणूस काही तासांत फुफ्फुसात पाणी भरून, तोंडाला फेस येऊन जायचा. लहान मुलं तर पटकन जायची.

बावस्करांनी केलेली गोष्ट ऐकायला अगदी साधी आहे. ते पेशंटच्या खाटेजवळ बसून राहिले. रात्ररात्र. दर थोड्या वेळाने बीपी, नाडी, हातापायांचं तापमान, घाम, श्वास, सगळं लिहून ठेवलं. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉग बघतो. इथे लॉगच नव्हते, ते या माणसाने हाताने लिहिले.

त्या नोंदींतून चित्र दिसायला लागलं. काही जणांना चावल्या जागी भयंकर वेदना व्हायच्या, पण बाकी शरीर ठीक असायचं. हे लोक बहुतेक वाचायचे. दुसऱ्या काही जणांना उलट्या, अंग भिजेल इतका घाम, तोंडातून लाळ, आणि हातपाय बर्फासारखे गार. यांचं पुढे हृदय कोलमडायचं. म्हणजे कोण धोक्यात आहे हे आधीच ओळखता येत होतं. १९८२ मध्ये या पूर्वसूचक लक्षणांवरचा त्यांचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खेड्यातल्या डॉक्टरचा लेख, लंडनमध्ये.

आता यातलं एक लक्षण बघा. पुरुषांमध्ये, अगदी लहान मुलग्यांमध्येही, विंचूदंशानंतर लिंग ताठ होतं आणि तसंच राहतं. त्यात कामेच्छेचा काही संबंध नसतो. वैद्यकीय भाषेत याला प्रायापिझम म्हणतात.

कल्पना करा. सत्तरचं दशक, कोकणातलं गाव, मुलगा तडफडतोय, आजूबाजूला दहा माणसं. हे लक्षण सगळ्यांना दिसत असणार आणि सगळे नजर वळवत असणार. वर चादर टाकत असणार. बावस्करांनी ते घामाच्या आणि उलटीच्या रांगेत, तेवढ्याच सपाट शब्दांत लिहिलं. कारण ते लक्षण सांगत होतं की विष चावल्या जागेतून निघून अख्ख्या शरीराच्या नसांपर्यंत पोचलंय, आता वेळ कमी आहे. चादर टाकली असती तर इशारा झाकला गेला असता.

शरीराचे दोन नळ

आता थोडं वायरिंग समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपल्या शरीरात काही कामं आपल्याला न विचारता चालू असतात. हृदयाचे ठोके, घाम, पचन. फोनमध्ये बॅकग्राउंडला ॲप चालतात तशी. या कामांसाठी नसांच्या दोन टीम आहेत. पहिली टीम धोक्याच्या वेळची: पळा, लढा. तिचं रसायन म्हणजे ॲड्रेनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनलिन. दुसरी टीम निवांत वेळची: जेवा, पचवा, विश्रांती घ्या.

लघवीचं गणित या दोघांवर चालतं. पळापळीची टीम म्हणते, "आत्ता नको, धरून ठेव." ती मूत्राशयाच्या तोंडाचा आणि प्रोस्टेटमधला स्नायू आवळते. निवांत टीम म्हणते, "आता सोड." ती पिशवी आकुंचित करते आणि वाट मोकळी होते.

लिंगाचं गणितही जवळपास तसंच. एरवी लिंग शिथिल राहतं, कारण पळापळीची टीम तिथल्या रक्तवाहिन्या सतत आवळून ठेवत असते. निवांत टीमचा संदेश आला की त्या सैल होतात आणि रक्त भरतं. म्हणून घाबरलेल्या माणसाला ताठरता येत नाही. पहिल्या रात्रीचं टेन्शन, ऑफिसची डेडलाइन, घराचा ईएमआय, शरीराला फरक कळत नाही. त्याच्यासाठी सगळा वाघच.

विंचवाचं विष काय करतं? ते नसांमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, बंदच होऊ देत नाही. मग दोन्ही टीम एकदम बेभान होतात. निवांत टीममुळे लाळ, उलटी, लिंगाची ताठरता. पाठोपाठ पळापळीच्या टीमचा पूर येतो: रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, बीपी चढतं, हृदयावर एवढा दाब येतो की फुफ्फुसात पाणी भरतं.

म्हणजे मारणारा शेवटी कोण? आपलंच ॲड्रेनलिन.

एकाच कुलपाच्या दोन गोष्टी

हे ॲड्रेनलिन पेशींना संदेश कसा देतं, याचं उत्तर १९४८ मध्ये अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं. त्यांनी सांगितलं की पेशींवर दोन प्रकारची कुलपं आहेत, अल्फा आणि बीटा. अल्फा उघडलं की स्नायू आवळतो. हे म्हणणं सुरुवातीला लोकांना पटलं नव्हतं. पण पुढच्या काळात बीपीची आणि हृदयाची कित्येक औषधं याच कल्पनेवर उभी राहिली. त्यातलंच एक प्राझोसिन. ते अल्फा कुलपात जाऊन बसतं, मग ॲड्रेनलिनची किल्ली फिरत नाही. रक्तवाहिन्या सैल, बीपी खाली. सत्तरच्या दशकात ते बीपीची गोळी म्हणून बाजारात आलं.

इथून दोन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता जेरुसलेमला जातो. तिथे मार्को केन नावाचे मूत्ररोगतज्ज्ञ होते. तोपर्यंत समज असा होता की म्हातारपणी प्रोस्टेट वाढतं, मूत्रमार्ग दाबतं, आणि त्यावर खरा उपाय ऑपरेशनच. केन यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की प्रोस्टेटमध्ये आणि मूत्राशयाच्या तोंडाशी अल्फा कुलपं भरपूर आहेत. म्हणजे अडथळ्याचे दोन भाग आहेत. एक ग्रंथीचा आकार, दुसरा आवळलेला स्नायू. आकार गोळीने लगेच कमी होणार नाही, पण स्नायू सैल करता येईल. त्यांनी फिनॉक्सीबेन्झामिन हे अल्फा अडवणारं औषध देऊन पाहिलं आणि पेशंटची धार सुधारली. त्या औषधाचे दुष्परिणाम जास्त होते, म्हणून पुढे प्राझोसिन, मग टेराझोसिन, मग टॅम्सुलोसिन अशी वंशावळ आली. लाखो आजोबांचं ऑपरेशन टळलं किंवा लांबलं.

दुसरा रस्ता महाडला येतो. बावस्कर मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून एमडी करून आले होते. विंचूदंशात रक्तवाहिन्या आवळतात हे त्यांना नोंदींवरून कळलं होतं, म्हणजे त्या सैल करणारं औषध हवं. आधी त्यांनी शिरेतून द्यायचं सोडियम नायट्रोप्रुसाईड वापरलं. त्याने माणसं वाचायला लागली. पण ते औषध थेंबाथेंबाने द्यावं लागतं, सतत बीपी बघत बसावं लागतं. खेड्यात हे सगळीकडे कसं जमणार? मग त्यांनी प्राझोसिन निवडलं. साधी गोळी, स्वस्त, तोंडाने घ्यायची. १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये त्यावरचा लेख आला. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. पुढे २०११ मध्ये दोघांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूप्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यावर रुग्ण लवकर बरे होतात, हे तुलना करून दाखवलं. पूर्वी गंभीर विंचूदंशात शंभरातले सुमारे ४० रुग्ण दगावायचे, ते प्रमाण १ च्या आसपास आलं, असं त्यांचं काम सांगतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जेरुसलेममध्ये म्हाताऱ्यांची लघवी सोडवणारं कुलूप आणि महाडमध्ये मुलांचं हृदय वाचवणारं कुलूप, दोन्ही एकच. आणि माझ्या आजोबांच्या सर्दीच्या गोळीचं कोडंही इथेच सुटतं. नाक मोकळं करणारी बरीच औषधं अल्फा कुलूप उघडतात. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून नाक सुटतं, पण त्याच वेळी प्रोस्टेटचा स्नायूही आवळतो. शिवाय त्याच गोळीत झोप आणणारं ॲलर्जीचं औषध असतं, ते मूत्राशयाची पिशवी ढिली पाडतं. दार घट्ट आणि ढकलणारा सुस्त. आधीच अरुंद वाट, ती बंद झाली.

घरात साठीपुढचा पुरुष असेल तर त्याची धार कशी आहे हे माहीत असल्याशिवाय दुकानातली सर्दीची गोळी देऊ नका. आजच्या एपिसोडमधलं एवढं एक लक्षात राहिलं तरी खूप झालं.

लाजेचा खटला

आता मला अडकलेला खरा प्रश्न. आजोबा बोलले का नाहीत?

हे एकट्या आजोबांचं नाही. मराठीत या विषयावर तोंड उघडल्याबद्दल एक माणूस कोर्टात उभा राहिलाय. रघुनाथ धोंडो कर्वे. जन्म १४ जानेवारी १८८२, मुरूडचे. (आपलं मुरूड-जंजिरा नव्हे, दापोलीजवळचं मुरूड. आम्ही रायगडवाले कायम गोंधळ घालतो.) महर्षी कर्व्यांचे ते थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, जवळजवळ एकट्याने चालवलं. त्यात वाचक प्रश्न पाठवायचे, जे घरात आणि डॉक्टरकडेही विचारता येत नाहीत असे. कर्वे थेट उत्तर द्यायचे, शास्त्राला धरून, उपदेश न करता. आपण आज इन्कॉग्निटो मोडमध्ये जे सर्च करतो, ते लोक त्यांना पोस्टकार्डावर विचारायचे.

१९३४ मध्ये अशाच वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेच आंबेडकर, ज्यांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा सत्याग्रह केला होता. लैंगिक प्रश्नांना उत्तर देणं हा गुन्हा कसा, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. कर्व्यांनी मासिक चालूच ठेवलं.

महाडचं तळं आणि हा खटला, दोन्हीकडे आंबेडकर एकाच प्रकारच्या भिंतीशी भांडत होते, असं मला वाटतं. एकीकडे पाणी अडवलं होतं, दुसरीकडे माहिती. आणि माहिती अडवली की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे एसटी स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात येते: गुप्तरोग, मर्दानी ताकद, खात्रीशीर इलाज. १९५४ मध्ये अशा जाहिरातींना आवर घालणारा कायदा झाला. भिंतीवरच्या कमी झाल्या की नाही हे तुम्हीच बघा. माझ्या फोनवर रात्री अकरानंतर त्या अजूनही येतात.

या जाहिराती एकच गोष्ट विकतात: तुझ्यात कमजोरी आहे, धातू जातोय, तू अपुरा आहेस. इच्छा कमी, ताठरता कमी, धार बारीक, सगळ्यावर एकच शब्द, कमजोरी. बावस्करांनी नेमकं उलटं केलं होतं. प्रत्येक लक्षण वेगळं लिहिलं आणि प्रत्येकाचं कारण शोधलं.

तर मग कारणं कोणती?

मी डॉक्टर नाही. पण कारणं वेगवेगळी असतात एवढं कळलं तरी डॉक्टरकडे जायची हिंमत येते. म्हणून थोडक्यात.

लघवीचं. वय झालेल्या पुरुषांत सगळ्यात नेहमीचं कारण प्रोस्टेटची साधी वाढ, ती कॅन्सर नसते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ती काही प्रमाणात असते. पण आपल्या वयात लघवी अडत असेल तर कारणं दुसरी: प्रोस्टेटची सूज, जुना संसर्ग किंवा बाइकवरून पडून मूत्रमार्गाला आलेला आकुंचनाचा व्रण, खडा, मधुमेहाने दुखावलेल्या नसा, पाठीच्या कण्याचा त्रास. आणि काही जणांना दुसऱ्यासमोर लघवी होतच नाही. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये शेजारी मॅनेजर उभा राहिला की धार बंद. हसू नका, ते पळापळीच्या टीमचं काम आहे, तुम्ही आत्ताच वाचलंत.

इच्छेचं. इच्छा आणि ताठरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इच्छा मुख्यतः मेंदू आणि टेस्टोस्टेरॉनवर चालते. झोप कमी, नैराश्य, जास्त दारू, लठ्ठपणा, थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिनची गडबड, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांतलं काहीही ती घालवू शकतं. जिममध्ये 'कोर्स' म्हणून घेतलेली स्टेरॉइड इंजेक्शनं तर खास. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. मग दंड मोठे होतात, अंडकोश लहान.

ताठरतेचं. ती मुख्यतः रक्तवाहिन्या आणि नसांवर चालते. सिगारेट, मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल तिला बिघडवतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून बिघाड तिथे आधी दिसतो. कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी. म्हणजे इथेही तेच, लक्षण हा इशारा आहे. झोपेतून उठताना ताठरता येत असेल आणि फक्त जोडीदाराबरोबर येत नसेल, तर वायरिंग बहुतेक ठीक आहे, टेन्शन बघा.

ताठरतेचा इतिहास तर धमाल आहे. १९८३ मध्ये लास वेगासला मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद होती. जाइल्स ब्रिंडली नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ तिथे बोलायला आले. स्नायू सैल करणारं औषध लिंगात टोचलं की कुठल्याही कामुक विचाराशिवाय ताठरता येते, असा त्यांचा दावा होता. औषधांमध्ये तेच आपलं फिनॉक्सीबेन्झामिनही होतं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ते खोलीवरून इंजेक्शन घेऊनच आले होते, आणि भर सभेत पँट खाली केली. सभेत काय झालं असेल ते तुमच्या कल्पनेवर सोडतो. पण त्यानंतर 'सगळं मनातच आहे' असं म्हणणं अवघड झालं. १९९८ मध्ये व्हायग्रा आली ती या बदललेल्या हवेत.

आणि एक गोळी जी दोन्ही विषयांना जोडते. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही मुलग्यांत टेस्टोस्टेरॉनचं पुढचं, जास्त तीव्र रूप जन्मतः कमी बनायचं. मोठेपणी त्यांचं प्रोस्टेट लहान राहायचं आणि टक्कलही पडायचं नाही. त्यावरून बनलं फिनास्टेराइड. १९९२ मध्ये अमेरिकेत ते प्रोस्टेटसाठी मंजूर झालं, १९९७ मध्ये केस गळतीसाठी. आज माझ्या टीममधली निम्मी मुलं केसांसाठी ॲपवरून गोळ्या मागवतात. त्यात हे असेल, तर काही जणांत इच्छा कमी होणं हा त्याचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. घाबरून मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा. टॅम्सुलोसिनमध्येही काही जणांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. ते धोक्याचं नाही, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो.

लगेच दवाखाना गाठायच्या गोष्टी: लघवी पूर्ण बंद होणं, लघवीत रक्त, थंडी-तापाबरोबर लघवीचा त्रास, आणि चार तासांपेक्षा जास्त टिकलेली ताठरता. विंचू चावला तर मांत्रिक नाही, सरळ दवाखाना. आणि तिथे पुरुषाचं हे लक्षण दिसत असेल तर लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

पडवीत

आजोबांची नळी चौथ्या दिवशी निघाली. गोळी चालू आहे. सुरुवातीला डॉक्टरांनी बजावलं होतं, रात्री झोपताना घ्यायची आणि उठताना एकदम उभं राहायचं नाही, चक्कर येते. बीपीच्या गोळ्यांचं रक्त आहे ना तिच्यात.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा मी त्यांना महाडची गोष्ट सांगितली. विंचवाची, खाटेजवळ बसून लिहिणाऱ्या डॉक्टरांची. ते लक्षणही सांगितलं, थोडं चाचरत. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांच्या लहानपणी शेजारच्या वाडीत एक मुलगा विंचवाने गेला होता. त्यालाही तसं झालं होतं. बायका बाहेर गेल्या, कुणीतरी त्याच्यावर घोंगडी टाकली. "आम्हाला वाटलं, भूतबाधा," आजोबा म्हणाले. "कुणी बोललंच नाही त्यावर."

मग त्यांनी मला विचारलं, "तुझं बरं आहे ना सगळं?" आमच्या घरात हा प्रश्न याआधी कुणी कुणाला विचारला नव्हता. मी म्हटलं, "बरं आहे आजोबा." आणि मग खरं काय ते सांगितलं. नाइट शिफ्टने झोप गेलीय, गेले सहा महिने कशातच मन नाही. ते म्हणाले, "मग दाखव डॉक्टरला. तीन वर्षं थांबू नकोस."

दाखवलं. रक्त तपासलं, शिफ्ट बदलून घेतली. झोप परत येतेय.

तर मंडळी, एपिसोड आवडला तर घरातल्या एका पुरुषाला पाठवा. पाठवताना काय लिहायचं सुचत नसेल तर विंचवाची गोष्ट आहे म्हणून पाठवा. भेटू पुढच्या भागात.